विद्यापीठ दारात कसे आले : जालना, दूरशिक्षण आणि पहिल्या वर्षाची कसोटी

दूरशिक्षण म्हटले की अनेकांच्या मनात एकच चित्र उभे राहते : ज्यांना नियमित महाविद्यालय जमले नाही, त्यांच्यासाठी केलेली दुय्यम सोय. हा समज इतिहासाला धरून नाही. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे भारतातील पहिली तीन आधुनिक विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा त्यांच्यात शिकवण्याचे वर्गच नव्हते. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. हा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यात तोच सुचवला गेला होता.

गंमत अशी की लंडनने पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५८ मध्ये, महाविद्यालयात हजर राहण्याची अटही काढून टाकली. अभ्यास कोठेही करा, परीक्षा द्या, उत्तीर्ण झालात तर पदवी घ्या. काही वर्षांतच साम्राज्याच्या दूरदूरच्या बंदरांत लंडनच्या परीक्षा होऊ लागल्या. मुंबई विद्यापीठाने मात्र 'टर्म भरण्याची' अट कायम ठेवली. जो पुणे किंवा मुंबईत राहू शकेल, तोच पदवीधर होईल, हे यातून ठरून गेले. आणि ही सोयसुद्धा ब्रिटिश मुलखातल्यांची. जालना त्या मुलखात नव्हते.

जालना, अंबड, भोकरदन, परतूर हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यातील मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर त्याच्यापुढे फार वाटा नव्हत्या. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि संस्थानाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग त्याआधीच तयार झालेला होता. जालना ते हैदराबाद हा प्रवास साधारण साडेचारशे किलोमीटरांचा. एखाद्या शेतकऱ्याच्या मुलासाठी तो केवळ प्रवासखर्चाचा प्रश्न नव्हता. तेथे राहणे, जेवणे आणि घरच्या शेतीतून एक माणूस कमी होणे हा खरा खर्च होता.

त्याहून मोठे अंतर भाषेचे होते. उस्मानियाचे माध्यम उर्दू. भारतीय भाषेतून सर्व विषयांचे उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पाश्चात्त्य विज्ञान, कायदा, इतिहास यांची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी तेथे स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला गेला आणि हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. या कामातील प्रमुख व्यक्ती मौलवी अब्दुल हक. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ औरंगाबादेत गेला आणि तेथील उस्मानिया महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. परंतु संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांची संख्या उर्दू बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होती. भारतीय भाषेचा विजय म्हणून जे साजरे झाले, ते जालन्याच्या मराठी मुलासाठी आणखी एका परक्या भाषेचे ओझे होते. एकाच घटनेच्या या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. दूरशिक्षणाच्या चर्चेत 'अंतर' हा शब्द किलोमीटरांत मोजण्याची सवय लागलेली असते. मराठवाड्याचा इतिहास ती सवय मोडतो.

१९२३ मध्ये औरंगाबादेत इंटरमीजिएट महाविद्यालय सुरू झाले. इंटरपर्यंत तेथे शिकावे आणि पदवीसाठी हैदराबाद गाठावे, असा क्रम रूढ झाला. १९३८ मध्ये हा क्रम एकाएकी तुटला. वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली, विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि मोठ्या संख्येने त्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादचे विद्यार्थीही या लढ्यात होते. संस्थानात दुसरे विद्यापीठ नसल्यामुळे शिक्षा म्हणजे शिक्षणाचा शेवटच ठरला असता. नागपूर विद्यापीठाने या मुलांना प्रवेश दिला, म्हणून अनेकांची पदवी वाचली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या विद्यार्थ्यांपैकीच एक. ज्या प्रदेशाला एकच विद्यापीठ असते, तेथे त्या विद्यापीठाचे दार बंद होणे किती महाग पडते, हे १९३८ ने दाखवले.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटू लागले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. बाबासाहेबांनी औरंगाबाद निवडले ते तेथील शैक्षणिक दुष्काळ पाहून. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. हैदराबाद जेथे साडेचारशे किलोमीटर होते, तेथे विद्यापीठ आता साठेक किलोमीटरांवर आले. जालना शहरातही महाविद्यालय उभे राहिले.

तरीही प्रश्न सुटला नव्हता. शहरात महाविद्यालय असणे आणि मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या खेड्यातील मुलीला तेथे रोज जाता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे खडी फोडण्याच्या, तलावाच्या आणि रस्त्याच्या कामांवर गेली. अशा काळात सुटलेली शाळा पाऊस आल्यावर आपोआप सुरू होत नाही. वय वाढते, लग्न होते, घराची जबाबदारी अंगावर येते. नियमित महाविद्यालयाची रचना सतरा-अठरा वर्षांच्या, सकाळी मोकळ्या असणाऱ्या विद्यार्थ्याला समोर ठेवून झालेली होती. तिशीतल्या माणसाचा विचार तिच्यात कोठेही नव्हता.

येथे थोडे मागे जावे लागते, कारण महाराष्ट्राने हा विचार पूर्वी एकदा केला होता. १९१६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा दोन गोष्टी एकत्र आणल्या : मातृभाषेचे माध्यम आणि घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा. सरकारी मान्यता नसताना त्यांनी हे धाडस केले. कायद्याने ठरलेले विद्यापीठ म्हणून मान्यता मिळायला स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. तोवर तेथील पदवीधर स्त्रियांनी मान्यता नसलेली पदवी बाळगली. मान्यतेचा हा प्रश्न दूरशिक्षणाच्या पाठीशी तेव्हापासून लागलेला आहे आणि तो पुढे पुन्हा येईल.

स्वतंत्र भारतात दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पत्रद्वारा शिक्षणाची शिफारस केली आणि १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने तो प्रयोग सुरू केला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पाऊल टाकले. पोस्टमन पाठ घेऊन येई, विद्यार्थी वर्षाखेरीस परीक्षा देई. यात एक मोठा दोष होता. पत्रद्वारा अभ्यासक्रम हे बहुधा नियमित अभ्यासक्रमाचे टपालातून पाठवलेले प्रतिरूप असे. वर्गातील व्याख्यानाच्या टिपा कागदावर उतरवल्या की त्या पाठ होत नाहीत. वर्गात शिक्षक थांबतो, चेहरे पाहतो, पुन्हा सांगतो. कागद थांबत नाही.

हा दोष ओळखून वेगळी रचना केली ती ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने. १९६९ मध्ये त्याला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांसह शिक्षण सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेची अट नाही, ही घोषणा गाजली. बीबीसीवर रात्री उशिरा आणि पहाटे दाखवल्या जाणाऱ्या व्याख्यानांचीही खूप चर्चा झाली. इतिहासकाराने मात्र कमी गाजलेल्या एका गोष्टीकडे पाहावे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक नेमून दिलेला होता. विद्यार्थी ठरावीक मुदतीत लेखी काम पाठवी, मार्गदर्शक त्यावर केवळ गुण न देता शेरे लिहून परत करी. दूरदर्शन संचापेक्षा या शेऱ्यांनी अधिक विद्यार्थी टिकवले, असे म्हणणे धाडसाचे ठरणार नाही. स्वीडनचे अभ्यासक ब्यर्ये होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाच्या पाठाला 'मार्गदर्शित संवाद' म्हटले आहे, ते याच अर्थाने.

भारतात मुक्त विद्यापीठाची शिफारस १९७४ मध्ये जी. पार्थसारथी समितीने केली. प्रत्यक्षात ते यायला आठ वर्षे लागली. १९८२ मध्ये देशातील पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले ते हैदराबादेत. जी. राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू. त्याआधी ते उस्मानियाचे कुलगुरू होते. जालन्याच्या दृष्टीने पाहिले तर यात एक विलक्षण वळण आहे. ज्या शहरापर्यंत पोहोचता न आल्याने मराठवाड्यातील कित्येकांचे शिक्षण थांबले, त्याच शहरातून 'विद्यापीठानेच विद्यार्थ्यापर्यंत जावे' हा विचार देशभर गेला. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले. त्याचेही पहिले कुलगुरू राम रेड्डीच.

महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झाले. यशवंतराव चव्हाणांचे नाव त्याला देण्यात आले. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. राम ताकवले हे संस्थापक कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे बोधवाक्य. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला होता, म्हणजे जिल्हा आणि विद्यापीठ जवळपास एकाच दशकातील. जालन्याचा विद्यार्थी औरंगाबादच्या विभागीय केंद्राशी जोडला गेला.

ताकवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले, हे त्यांनी रुळवलेल्या शब्दांतून कळते. शिकवणारा तो 'संमंत्रक', व्याख्याता नव्हे. घरी लिहायचे ते 'स्वाध्याय'. महाविद्यालयाच्या जागी 'अभ्यासकेंद्र', आणि अभ्यासक्रमाच्या जागी 'शिक्षणक्रम'. पहिल्या नजरेला हे शब्द कृत्रिम वाटतात. त्यांच्यामागे मात्र एक निश्चित विचार आहे : संमंत्रक रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी भेटतो ते धडा वाचून दाखवण्यासाठी नाही, विद्यार्थी वाचून आला आहे असे गृहीत धरून अडलेले सोडवण्यासाठी. पाठ्यपुस्तकेही तशीच घडवली गेली. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये थांबून विचारलेले प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे. थांबणारा कागद तयार करण्याचा हा प्रयत्न होता.

सर्वांत दूरगामी ठरला तो 'पूर्वतयारी' शिक्षणक्रम. बारावी नसलेल्या प्रौढाने हा छोटा शिक्षणक्रम पूर्ण करावा आणि पदवीला प्रवेश घ्यावा. शाळा अर्धवट सुटलेल्या पिढीसाठी हे दार उघडणे म्हणजे काय होते, हे आकड्यांनी सांगता येणार नाही. गृहिणी, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, बाजार समितीतील कारकून अशा अनेकांनी महाराष्ट्रभर त्या दारातून प्रवेश केला.

आता मान्यतेचा जुना प्रश्न पुन्हा पुढे येतो. २००९ मध्ये अन्नमलाई विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधली पदवी न घेता थेट मिळवलेली पदव्युत्तर पदवी नियुक्तीसाठी ग्राह्य धरली नाही आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे १९८५ चे नियम मुक्त शिक्षणालाही लागू असल्याचे स्पष्ट केले. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने त्याहून मोठा धक्का दिला. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीविना दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर न्यायालयाने बोट ठेवले. २००१ ते २००५ या सत्रांतील विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षेची संधी दिली आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द केल्या. वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या माणसाला आपली पदवी कागदाचा तुकडा ठरल्याचे कळले. दोष संस्थांचा होता, किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. हे न्याय्य होते का, यावर मतभेद संभवतात. परंतु असे घडू शकते, यावर नाही.

म्हणून आज जालन्यातून दूरशिक्षण सुरू करणाऱ्याने सर्वप्रथम इतिहासाचा हा भाग वाचावा. विद्यापीठ मान्य आहे, एवढे पुरेसे नाही. अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग प्रत्येक शिक्षणक्रमाला आणि प्रत्येक सत्राला स्वतंत्र मान्यता देतो आणि त्या याद्या प्रसिद्ध करतो. आपला शिक्षणक्रम, आपले वर्ष, त्या यादीत आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहायचे. शुल्क विद्यापीठाकडे थेट भरायचे. 'आमच्याकडून प्रवेश घ्या, परीक्षेचे आम्ही पाहू' असे सांगणाऱ्या दलालाच्या हाती नव्हे. बारावी झाली नसेल तर पुढे कोणत्या नोकरीसाठी पदवी हवी आहे ते ठरवून त्या पदाचे नियम आधी वाचावेत. सप्टेंबर २०२० चे नियम आणि त्यावर आयोगाने २०२२ मध्ये केलेला खुलासा यांनुसार मान्य शिक्षणक्रमातून मिळालेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. कर्व्यांच्या विद्यार्थिनींना हे वाक्य ऐकायला मिळाले नव्हते.

दुसरा भाग टिकून राहण्याचा. दूरशिक्षणात गळती होते ती बहुधा परीक्षेत नापास होऊन नाही. पुस्तकांचे पुडके आल्यानंतर आणि पहिला स्वाध्याय लिहिण्यापूर्वीच्या काळात. या काळात विद्यार्थ्याला कोणी विचारत नाही, कोणी रागावत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्यालाही जी शिस्त आपोआप मिळते, ती येथे स्वतः उभी करावी लागते. मोसंबीच्या बागेला पाणी देणाऱ्या किंवा पोलाद कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाला 'रोज चार तास अभ्यास करा' असे सांगण्यात अर्थ नाही. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर अभ्यासाची वेळही बदलणारच. रोज अर्धा-पाऊण तास आणि आठवड्यात एक लांब बैठक, इतके ठरवून ते घरातल्यांना सांगितले तर निभते. घरातल्यांना सांगणे महत्त्वाचे आहे. विशेषतः सून शिकत असेल तर रविवारच्या संमंत्रणाला जाणे हा घराचा निर्णय असावा लागतो, नाहीतर दुसऱ्याच रविवारी पाहुणे येतात.

वेळापत्रकाचेही भान ठेवावे. जालन्यात पेरणीचा जून-जुलै आणि कापूस वेचणीचा काळ अभ्यासाला प्रतिकूल. स्वाध्यायाची अंतिम तारीख त्या काळात येत असेल तर लेखन आधीच उरकावे. प्रवेश घेताना विषयांची संख्या हौसेने वाढवू नये. एप्रिल २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची अशा दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास आयोगाने परवानगी दिली आहे. ती सोय उत्तम असली, तरी पहिल्या वर्षी एकच निभावून पाहणे शहाणपणाचे.

माध्यमाचा विचार इतिहासानेच शिकवला आहे. उस्मानियाच्या काळी मराठी मुलाला निवड नव्हती, आज आहे. मराठीतून पदवी घेण्यात कमीपणा नाही. मात्र पुढे ज्या परीक्षेला बसायचे तिची भाषा इंग्रजी असेल, तर मराठीत समजून घेऊन प्रत्येक घटकातील पारिभाषिक शब्द इंग्रजीतही वहीत उतरवत जावेत. उलट इंग्रजी माध्यम घेणाऱ्याने एखादा धडा कोणाला तरी मराठीत समजावून सांगावा. जेथे अडखळतो तेथे तो कळलेला नाही.

आणि संमंत्रकाकडे जाताना कोरे जाऊ नये. नेल्सन मंडेला यांनी दक्षिण आफ्रिका विद्यापीठाच्या पत्रद्वारा शिक्षणातून कायद्याची पदवी १९८९ मध्ये, तुरुंगात असतानाच पूर्ण केली. त्यांना रविवारी भेटायला अभ्यासकेंद्र नव्हते. जालन्याच्या विद्यार्थ्याला ते आहे, पण तेथे पहिल्या महिन्यात भरलेली खोली तिसऱ्या महिन्यात बरीच रिकामी होते. न कळलेले तीन प्रश्न वहीत लिहून जो जातो, त्याला रिकाम्या खोलीत संमंत्रकाचा पूर्ण तास मिळतो. पहिला स्वाध्याय मुदतीच्या आधी पंधरा दिवस देऊन त्यावरचे शेरे मागून घ्यावेत. गुण कितीही असोत, शेरे वाचून दुसरा लिहावा.